कोठीवरचा माणूस

चिपळूणच्या आसपास छावणीला राहिलेल्या पागेच्या जुमलेदारांना आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी धाडलेले एक पत्र आहे. रयतेला काडीचाही त्रास होता कामा नये, हा त्यातला भाव शाळकरी पोरांनाही माहीत असतो. भाषणांतून तेवढाच भाग फिरत राहिला आणि बाकीचे पत्र मागे पडले. ते नीट वाचले की ध्यानात येते, हा मजकूर लढाईचा नाही, कोठीचा आहे. लष्कराचा मुक्काम चिपळुणात पडला, त्यामुळे पावसाळ्यासाठी दाभोळ सुभ्यात साठवलेला दाणागोटा बराचसा आधीच संपला. मग कारकुनांकडून आणि गडागडांवरून मिळेल तो गल्ला जमवून जेमतेम बेगमी केली, असे महाराज सांगतात. हाताशी आहे तोवर सढळपणे चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. उपाशी माणसे मग कुणब्याच्या दारात जातील. कोणी दाणे उचलील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा.

त्याच पत्रात आगीची चिंताही आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल मांडील, कोणी तंबाखू ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवून झोपेल आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ती जाते. राज्य उभे करणारा माणूस उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो, याचे नवल वाटते. पण सैन्याच्या पुरवठ्यात ज्याने नोकरी केली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. त्याला त्या पत्रात आपली रोजची ड्यूटीच लिहिलेली दिसेल: अजून न आलेल्या महिन्यांची भूक आज मोजायची, आहे ते पुरवायचे आणि साठवलेल्याला आग लागू द्यायची नाही.

आजच्या भारतीय सैन्यात चिपळूणच्या पावसाळ्याची जागा लडाखच्या हिवाळ्याने घेतली आहे. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता ३,५२८ मीटर उंचीच्या जोझिला खिंडीतून जातो. मनालीकडून येणारा रस्ता बारालाचा ला, तांगलांग ला अशा त्याहून उंच खिंडी ओलांडतो. पूर्वी हिवाळ्यात हे रस्ते पाच-सहा महिने बंद पडत. सीमा सडक संघटनेच्या मेहनतीने अलीकडे जोझिला बंद राहण्याचे दिवस बरेच घटले आहेत, पण हिमवर्षाव आणि हिमकडे कुणाचे वेळापत्रक पाळत नाहीत. म्हणून दर उन्हाळ्यात सैन्याला येत्या हिवाळ्याचा साठा वर चढवावा लागतो. पीठ, तांदूळ, डाळ, साखर, तेल, दुधाची पावडर, डबाबंद भाज्या, केरोसीन, डिझेल, औषधे, दारूगोळा, तंबू, बूट, दाढीचे ब्लेड, खेचरांचा चारा, सगळे त्यात आले. या कामाला ‘अ‍ॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग’ म्हणतात. २०२०च्या उन्हाळ्यात गलवानची चकमक झाली आणि पूर्व लडाखमध्ये आणखी हजारो सैनिक हिवाळाभर ठेवायचे ठरले. तेव्हा वर्तमानपत्रांत रणगाडे आणि विमानांचे फोटो आले. पण त्या वर्षीची खरी शर्यत रस्ते बंद होण्याआधी राहायचे निवारे, गरम कपडे, इंधन आणि शिधा वर पोहोचवण्याची होती.

या मोजदादीचा अंदाज यावा म्हणून एक सोपे गणित मांडून पाहावे. समजा, एखाद्या चौकीवर दहा जण आहेत आणि वाट सहा महिने बंद आहे. माणशी रोज अर्धा किलो पीठ-तांदूळ धरले, तर नुसते धान्यच नऊशे किलो होते. सैन्यातले खेचर जुन्या हिशेबाने सत्तर-बहात्तर किलो ओझे वाहते. म्हणजे फक्त भात-पोळीसाठी तेरा खेचरांची खेप. त्यात डाळ नाही, तेल नाही, आणि बर्फ वितळवून पाणी करायला लागणारे केरोसीनही नाही. सियाचीनमध्ये १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाल्यापासून सगळ्यांत वरच्या चौक्यांचा भरवसा ‘चीता’ हेलिकॉप्टरवर आहे. वीस हजार फुटांच्या वर हवा इतकी विरळ होते, की ते हेलिकॉप्टर एका फेरीत एखाददुसरा जेरीकॅनच नेऊ शकते. खाली डेपोत बसलेल्या हवालदाराने वीस लिटरचा एक जेरीकॅन गळका निघाला म्हणून बाजूला काढला, तर वरच्या चौकीतल्या एका स्टोव्हचे काही दिवस त्याने वाचवलेले असतात. नजरचुकीने तो तसाच गेला, तर अख्खी फेरी फुकट जाते.

ही नोकरी जवळून पाहायची तर त्या जेरीकॅनपाशीच थांबावे लागते.

इंधनाच्या आवारात जेरीकॅन रांगेने उभे असतात. झाकणाच्या आतली रबराची चकती थंडीत कडक होते, तिला चीर जाते आणि तिथून थेंब थेंब केरोसीन झिरपते. ते डोळ्यांना चटकन दिसत नाही. आधी वास येतो, मग डब्याच्या कडेवर चिकटलेली धूळ ओली दिसते. म्हणून माणूस रांगेतून चालताना प्रत्येक झाकणावर हात फिरवतो, संशय आला की डबा आडवा करून पाहतो. शेकडो डबे असे आडवे करून झाले की खांदा भरून येतो. शिवाय अकरा-साडेअकरा हजार फुटांवर हे काम करताना दोन डबे उचलले तरी धाप लागते. डिझेलचीही तऱ्हा अशीच. साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखे गोठते आणि गाडी जागची हलत नाही. २०१९च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले. ही बातमी शहरात कुणाच्या लक्षात राहिली नाही, पण लेहमधल्या ड्रायव्हरांसाठी मोठी होती. पहाटे गाडीखाली स्टोव्ह ठेवून टाकी शेकवायचा धोका त्यातून टळतो.

शिध्याच्या गोदामात दुसरी दक्षता. ट्रक आला की पोत्यांत पोकळ टोकदार नळी खुपसून नमुना काढायचा. डाळ तळहातावर पसरायची, खडा, कीड, फुटलेला दाणा बघायचा. ओल आहे का, हे दाताखाली धरून कळते, पण कागदावर दात चालत नाही. तिथे प्रयोगशाळेचा दाखला लागतो. म्हैसूरला १९६१मध्ये सुरू झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने पुढे तयार जेवणाची पाकिटे बनवली. गरम पाण्यात टाकून उघडायची, महिनोन्‌महिने टिकणारी. शिध्याचा वास्तविक शत्रू मुदत आहे. जुना माल पुढे, नवा मागे, ही शिस्त किराणा दुकानातही असते. मात्र दुकानदाराचा बिस्किटाचा पुडा मुदतबाह्य झाला तर दहा-वीस रुपयांचे नुकसान. इथे तो पुडा हेलिकॉप्टरने वर गेलेला असतो आणि तिथल्या माणसाला त्याच्या ऐवजी दुसरे काही नसते.

या कामावर दोन कोअर. शिधा, इंधन, गाड्या आणि खेचरे आर्मी सर्व्हिस कोअरकडे. शस्त्रे, दारूगोळा, कपडे, सुटे भाग आर्मी ऑर्डनन्स कोअरकडे. त्यांत गणवेशातले सुभेदार, हवालदार, ड्रायव्हर, स्टोअरकीपर आहेत, तसेच नागरी नोकरही आहेत: मटेरियल असिस्टंट, ट्रेड्समन मेट, फायरमन, हमाल. महाराष्ट्रात या नोकऱ्यांनी गावेच्या गावे पोसली. देहूरोड, खडकी, कांदिवली, पुलगाव, या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ‘डेपोत आहे’ एवढेच सांगितले की सोयरिकीत पुढचे विचारायची गरज उरत नसे. देहूरोडची वस्ती डेपोभोवतीच वाढली. २५ डिसेंबर १९५४ रोजी तिथल्या विहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. लष्करी पुरवठ्याच्या इतिहासात ही नोंद सापडणार नाही, पण ती तिथे असायला हवी. डेपोतल्या नोकरीमुळे गावकीतल्या बलुत्यापासून सुटून ठरलेला पगार, हजेरीपटावर लिहिलेले नाव आणि वर्षअखेर रजा मिळणे याचा अर्थ काय होता, हे त्या वस्तीला विचारावे.

रोजचा दिवस मात्र कागदाचा असतो. इंडेंट येते, त्यावर सही होते, इश्यू व्हाउचर फाटते, रॅकवर लटकणाऱ्या बिन कार्डावर आकडा घटतो, लेजरात तो पुन्हा घटतो. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. वर्षातून मोजदाद होते, अधिकाऱ्यांचे बोर्ड बसते, कधी अचानक तपासणी येते. कमी भरले तर चौकशी, आणि जास्त भरले तरीही चौकशी. नवख्याला हे दुसरे समजत नाही. जास्त भरणे म्हणजे कुठल्या तरी तुकडीला तेवढे कमी गेले, हे त्याला कुणी जुना हवालदार समजावून सांगतो. लढणाऱ्या पलटणीतल्या जवानाच्या स्वप्नात शत्रू येत असेल. कोठीवरच्याच्या स्वप्नात लेजर येते. पलटणीतले लोक त्याच्यावर वैतागतात. ‘जोडा फाटलाय, दुसरा द्या’ एवढ्या साध्या मागणीला तो नियम आणि नमुना क्रमांक सांगतो. त्याचे बरोबर असते. एकाला नियम मोडून दिला की महिनाअखेर तिसऱ्याला देता येत नाही, आणि तो तिसरा कुठे उभा असेल हे त्याला ठाऊक असते. मात्र नियमामागे लपून देण्याजोगे असतानाही न देणारेही या खात्यात असतात, आणि त्यांच्यामुळे सगळ्यांचे नाव खराब होते. चांगला कोठीवाला ओळखायचा तो यावरून, की त्याच्या डोळ्यांसमोर लेजरच्या रकान्याऐवजी त्या जोड्यातला पाय असतो.

पुरवठ्याची किंमत काय, हे मराठी माणसाला पानिपताने जेवढे शिकवले तेवढे कुणी शिकवले नसेल. सदाशिवरावभाऊंनी ऑक्टोबर १७६०मध्ये कुंजपुरा घेतला, तिथे धान्याचा मोठा साठा हाती लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीकडची वाट त्याने तोडली. पुढचे अडीच महिने पानिपतची छावणी आतल्या आत उपाशी पडत गेली. लढणाऱ्यांच्या कितीतरी पटीने न लढणारी माणसे सोबत होती. कुटुंबे, यात्रेकरू, बाजारबुणगे, जनावरे. अंतर्वेदीतून पैसा आणि रसद मिळवायची, आणि अब्दालीची रसद तोडायची, ही कामगिरी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. वसुलीच्या हिशेबावरून पुण्याहून त्यांना सतत टोचणी असे. तरी या वयोवृद्ध कमाविसदाराने ती कामगिरी अंगावर घेतली आणि डिसेंबरात ते अब्दालीच्या स्वारांकडून मारले गेले. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी वाट चुकून थेट शत्रूच्या गोटात गेली. १४ जानेवारी १७६१ला मराठे खंदकातून बाहेर पडले ते उपासमारीने. भाऊंचे शौर्य, विश्वासरावांना लागलेली गोळी, जनकोजी शिंदे, इब्राहीमखान गारदी, हे सारे पोवाड्यांत आणि कादंबऱ्यांत येते. गोविंदपंतांच्या वाट्याला संशयच जास्त आला.

आर्मी सर्व्हिस कोअर आपली स्थापना ८ डिसेंबर १७६० पासून मोजते. कंपनी सरकारने बंगालमध्ये आपल्या फौजेच्या रसदीची घडी बसवायला घेतली, तो हा दिवस. पानिपतात मराठ्यांचे दाणे संपत होते तो हाच महिना. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काहीच नाही, तरी त्या तारखा शेजारी ठेवल्या की चैन पडत नाही. पुढे १८०३मध्ये आर्थर वेलस्ली दख्खनेत उतरला, तेव्हा त्याच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच बैलांची चर्चा होती. म्हैसूरच्या अमृतमहालचे बैल आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे यांच्यावर त्याची सारी मदार होती. असई आणि आडगाव जिंकले ते संगिनींनी, पण त्या संगिनी तिथवर बंजाऱ्यांच्या बैलांच्या चालीने पोहोचल्या.

पुरवठा चुकला की काय होते, याच्या गोष्टी सैन्यात अजूनही नव्या अधिकाऱ्यांना शिकवल्या जातात. मार्च १९४४मध्ये मणिपूरमध्ये उखरूलजवळ सांगशाकला ५०वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड जपान्यांनी घेरली. तिच्यासोबत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. टेकडीवर पाणी नव्हते. विमानांनी पाणी आणि दारूगोळा टाकला, पण वेढ्यातली जागा इतकी तोकडी, की बहुतेक छत्र्या वाऱ्याने जपान्यांच्या बाजूला गेल्या. तहानलेला सैनिक आपल्यासाठीचे सामान डोळ्यांदेखत शत्रूच्या हाती पडताना बघतो, यापेक्षा क्रूर दृश्य पुरवठ्याच्या इतिहासात कमी असेल. तरी त्या चार-पाच दिवसांनी इंफाळ-कोहिमाला सावरायला वेळ मिळाला. पुढे इंफाळला महिनोन्‌महिने विमानांनी रसद पुरवली आणि ते टिकले. उलट जपानी सेनापती मुतागुची काही आठवड्यांचा शिधा आणि हाकत न्यायची गुरे यांवर विसंबून निघाला होता. त्याची फौज परतली ती भुकेने आणि रोगांनी मोडलेली.

अठरा वर्षांनी तोच धडा उलट्या बाजूने गिरवावा लागला. १९६२च्या ऑक्टोबरात नामका चू नदीकाठच्या सातव्या ब्रिगेडला रसद मिळायची ती त्सांगधरच्या उतारावर विमानांतून टाकलेल्या सामानातून. जागा चौदा हजार फुटांवर, अरुंद, भोवती दऱ्या. टाकलेल्या मालातला मोठा हिस्सा दरीत जाई किंवा फुटून जाई. मैदानी प्रदेशातून उचलून आणलेले जवान उन्हाळी सुती कपड्यांत होते, एकेक घोंगडी आणि खिशातली पन्नासेक काडतुसे. या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी पकडले गेले आणि सुटून आल्यावर त्यांनी ‘हिमालयन ब्लंडर’ लिहिले. युद्धनीतीवरचे त्यांचे आरोप गाजले; पण त्या पुस्तकात किती पाने शिधा, ओझेवाले, बूट आणि पडलेल्या छत्र्या यांच्यावर खर्ची पडली आहेत, हे वाचकाने पाहावे. दिल्लीत नकाशावर टाचणी हलवली जात होती. त्या टाचणीला जेवण लागते हे सांगणाऱ्यांचे कुणी ऐकून घेतले नाही.

रस्ते झाले, विमाने वाढली, तरी डोंगरातला शेवटचा टप्पा खेचराचा आणि माणसाच्या पाठीचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या फौजेला फ्रान्समधल्या बर्फाळ हिवाळ्यात मोटारी पुऱ्या पडेनात, म्हणून डिसेंबर १९३९मध्ये भारतातून खेचरांच्या तुकड्या मार्सेल बंदरात उतरवल्या गेल्या. पुढच्या वर्षी डंकर्कहून माणसे परतली, खेचरे तिथेच सोडावी लागली. वर्षानुवर्षे एकाच जनावराचा लगाम धरणाऱ्याला ते सोडताना काय झाले असेल, ते कुठल्या अहवालात नाही. पेडोंगी नावाच्या खेचरीचे नाव मात्र राहिले. ती आधी खुरावरच्या क्रमांकानेच ओळखली जाई. १९७१च्या युद्धात ती पाकिस्तान्यांच्या हाती लागली आणि काही दिवसांनी त्यांचीच मशीनगन आणि काडतुसे पाठीवर घेऊन आपल्या तळावर परतली, अशी तिची नोंद आहे. जवळपास तीन दशके सेवा केल्याबद्दल गिनीजच्या पुस्तकात तिचे नाव गेले. पण पेडोंगीचा लगाम ज्यांनी धरला, त्यांची नावे शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही.

दारूगोळ्याचे काम शिध्याहून वेगळे. तिथे चूक महिन्यांनी उघडी पडत नाही, त्याच रात्री पडते. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचा मध्यवर्ती दारूगोळा डेपो देशातला सर्वांत मोठा मानला जातो. शेतशिवारांच्या मध्ये शेड, शेडभोवती मातीचे उंच बांध, छपरावर वीजनिवारक, फाटकावर काडीपेटी आणि मोबाइल काढून ठेवायची सक्ती. कारगिलच्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. काही दिवस तर रोज पाच हजारांच्या घरात. बोफोर्सचा १५५ मिलिमीटरचा एक गोळा साधारण त्रेचाळीस किलोचा. यातला प्रत्येक गोळा आधी कुठल्या तरी डेपोत पेटीतून काढला, तपासला, पुन्हा पेटीत घातला, वॅगनमध्ये चढवला, उतरवला, ट्रकमध्ये चढवला गेला होता. टायगर हिलवरचे लोळ सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. त्यामागे वाघिणी भरत रात्रंदिवस जागणारे डेपो कुणाच्या डोळ्यांपुढे आले नाहीत.

३१ मे २०१६च्या मध्यरात्री पुलगावच्या एका शेडमध्ये आग लागली आणि स्फोट झाले. दोन अधिकारी, डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मिळून डझनाहून अधिक जण गेले. आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना रातोरात घरे सोडावी लागली. पाझरू लागलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे नंतर बोट दाखवले गेले. डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये एकदा सैन्यातून निवृत्त होऊन पुन्हा नोकरीला लागलेली माणसे असतात. एक आयुष्य देऊन झालेले, मुलीचे लग्न किंवा घराचे कर्ज डोक्यावर असलेले. आग दिसल्यावर त्यांनी पळायला हवे होते असे कुणी म्हटले नसते. आग शेजारच्या शेडमध्ये गेली तर काय होईल हे त्यांना पक्के माहीत होते, आणि ते आगीच्या दिशेने गेले. ती आग त्या एका शेडपलीकडे पसरली नाही.

दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी, त्याच भागात निकामी दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी पेटी उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत बहुतेक रोजंदारीवर पेट्या उतरवायला आलेले जवळच्या गावांतले मजूर होते. त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता, त्यांच्या शवपेटीवर तिरंगा आला नाही. दारूगोळा जन्मापासून मरणापर्यंत कुणाच्या तरी हातून जातो, आणि शेवटचा हात सर्वांत गरीब माणसाचा असतो. हे बदलायला हवे. काम धोक्याचे असेल तर ते करणाऱ्याला सैनिकाइतके प्रशिक्षण, सैनिकाइतका विमा आणि सैनिकाइतका मान मिळाला पाहिजे. कंत्राटाच्या कागदाआड त्याला झाकता येणार नाही.

जबाबदारी वरपर्यंतही मोजली पाहिजे. कॅगच्या २०१७च्या अहवालाने सांगितले, की सप्टेंबर २०१६मध्ये तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारे नव्हते. फेब्रुवारी २०२०मध्ये संसदेत मांडलेला अहवाल तर थेट सियाचीन-लडाखच्या ताटापर्यंत गेला. उंचीवरच्या खास शिध्यातल्या वस्तूंऐवजी तेवढ्याच किमतीच्या दुसऱ्या वस्तू दिल्यामुळे काही बाबतींत उष्मांक ८२ टक्क्यांपर्यंत घटले होते. नवे बूट वेळेवर न आल्याने जुनेच दुरुस्त करून वापरावे लागले होते. किमतीत किंमत बसली की हिशेब जुळतो. पोटात उष्मांक बसतात की नाही, हे त्या रकान्यात येत नाही. अशा अहवालांवर दोन दिवस आरडाओरडा होतो. खालचा हवालदार मग कागद जुळवत बसतो, आणि ज्या टेबलावर खरेदीचा निर्णय महिनोन्‌महिने पडून राहिला, ते टेबल कुणाला दिसत नाही.

सुटीवर घरी आलेल्या कोठीवरच्या माणसाला गावात दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, बॉर्डरवर होतास का? दुसरा, कॅन्टीनचा कोटा किती? पहिल्याला तो ‘सप्लायला आहे’ असे उत्तर देतो आणि समोरच्याचा उत्साह उतरतो. साताऱ्याकडच्या ज्या गावांत घरटी एक फौजी आहे, तिथे तर पलटणीतला भाऊ आणि सप्लायमधला भाऊ यांच्यात ओटीवर बसलेली म्हातारी माणसेही फरक करतात. मुलींच्या बाबतीत मात्र या खात्याने एक दार सगळ्यांआधी उघडले. १९९२मध्ये वैद्यकीय सेवांबाहेर स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायचे ठरले, तेव्हा पहिल्या काही शाखांत सर्व्हिस कोअर आणि ऑर्डनन्स कोअर होत्या. ताफ्याची जबाबदारी, डेपोची किल्ली, दारूगोळ्याची तपासणी, या जागांवर बायका तीन दशकांपासून आहेत. त्यांच्यामुळे तरी ‘हे काम लढण्याचे नव्हे’ हा समज मोडायला हवा होता; मोडला नाही, उलट स्त्रियांना तेवढेच झेपते, असा आणखी एक समज त्याला चिकटला. जोझिलाच्या चढावर पहाटे चारला तीस ट्रकांचा ताफा पुढे काढायचा की मागे वळवायचा, हा निर्णय ज्याने एकदा घेतला आहे, त्याच्यासमोर हे दोन्ही समज टिकत नाहीत.

आता रोहतांगखालून अटल बोगदा झाला आहे. २०२०च्या ऑक्टोबरात तो खुला झाला. सोनमर्गचा बोगदा २०२५च्या जानेवारीत सुरू झाला. जोझिलाखालून सुमारे तेरा किलोमीटरचा बोगदा खोदला जात आहे. तो पूर्ण झाला की श्रीनगरहून लेहला बारमाही गाडी जाईल, आणि हिवाळ्याच्या साठ्याचे आजचे गणित बरेच बदलेल. कमी साठा, कमी मुदतबाह्य माल, ताज्या भाज्या जास्त. डेपोतल्या लोकांना त्याची वाट आहे. पण लेहच्या पुढे खारदुंग ला आहे, दौलत बेग ओल्डीचा रस्ता आहे, सियाचीनचा तळ आहे आणि त्याच्याही वर चौक्या आहेत. तिथवर बोगदा जाणार नाही. त्या टप्प्याचा तक्ता उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा मांडावा लागेल: माणसे किती, दिवस किती, केरोसीन किती, किती खेचरे, किती उड्डाणे, आणि हवामान बिघडले तर जास्तीचे किती दिवस धरायचे. शेवटच्या रकान्यातला आकडा कुठल्याच नियमावलीत मिळत नाही. तो अनुभवी सुभेदार आपल्या जबाबदारीवर लिहितो, वरच्या कार्यालयाने ‘एवढे कशाला?’ म्हणून विचारले तर त्यावर भांडतो, आणि बहुतेक वेळा तेवढे मिळवतो.